कुत्र्याची छत्री आणि अळंबें

पैनगंगेच्या कांठीं वसलेलें मेहकर हें बुलढाणा जिल्ह्यांतील एक पुरातन गांव आहे. इ. स. १८८८ मध्यें तेथें जमिनींतून निघालेल्या शार्ङ्गधराच्या मूर्तीमुळें त्याची कीर्ति दूरवर गेली. परंतु गांवाचें नांव त्याहून फार जुनें आहे. मत्स्यपुराणांतील तीर्थांच्या नामावळींत मेघंकर तीर्थाचा व तेथील शार्ङ्गधर विष्णूचा उल्लेख येतो. या मेघंकराचें मेहकर कसें झालें, हें समजण्यास फारशा विद्वत्तेची गरज नाहीं. संस्कृतांतील दोन स्वरांमधला 'घ' किंवा 'ख' प्राकृत बोलींत 'ह' होतो; मुखाचें 'मुह' होतें, मेघाचा 'मेह' होतो. नाणें हातोहातीं फिरून झिजावें, तसे शब्द तोंडोतोंडीं फिरून झिजतात. मात्र ते नियमानें झिजतात, म्हणूनच त्यांचें मूळ शोधतां येतें.

मेघंकर म्हणजे मेघ निर्माण करणारा. असे मेघ ज्येष्ठ-आषाढांत वऱ्हाडच्या काळ्या जमिनीवर उतरले, कीं दोन-चार दिवसांत उकिरड्यावर, कुजक्या लांकडावर, कुंपणाच्या सावलींत आणि वारुळाच्या अंगावर पांढऱ्या-करड्या छत्र्या उभ्या राहतात. काल संध्याकाळीं जेथें कांहीं नव्हतें, तेथें आज सकाळीं एक सबंध वस्तु उभी! तिला पान नाहीं, फूल नाहीं, डोळ्यांस दिसेल असें बीं नाहीं. अशा वस्तूस काय म्हणावें, हा प्रश्न पृथ्वीवरील बहुतेक सर्व लोकांपुढें पडला आणि ज्यानें त्यानें आपापल्या परीनें त्याचें उत्तर दिलें. तीं उत्तरें एके ठिकाणीं मांडून पाहिलीं, म्हणजे एक मौजेची गोष्ट ध्यानांत येते. या छत्राकांचीं बहुतेक नांवें दोन घराण्यांतलीं आहेत. एक घराणें भयाचें, दुसरें भाजीचें. पहिल्या घराण्यांतील नांवें बहुधा प्रत्येक भाषेनें आपल्या घरींच घडविलीं. दुसऱ्या घराण्यांतील नांवें मात्र एका भाषेंतून दुसरींत, एका देशांतून दुसऱ्या देशांत हिंडत गेलीं.

नांवांकडे वळण्यापूर्वीं वस्तूचें खरें स्वरूप थोडक्यांत ध्यानीं घेतलें पाहिजे. जी छत्री दिसते ती म्हणजे सबंध जीव नव्हे. तें केवळ त्याचें फळ होय. खरा जीव म्हणजे मातींत किंवा लांकडांत पसरलेल्या, सुताहून बारीक अशा तंतूंचें जाळें. तें दृष्टीआड वाढत असतें. ओल आणि ऊब जुळून आली म्हणजे त्यास फळ धरतें, आणि छत्रीच्या खालच्या अंगास असलेल्या पडद्यांतून धुळीसारखे सूक्ष्म बीजाणु बाहेर उडतात. इ. स. १९६९ मध्यें अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिटेकर यांनीं या जीवांस वनस्पतींपासून अलग काढून त्यांची एक स्वतंत्र सृष्टि मानली. आज तर त्यांचें नातें वनस्पतींपेक्षां प्राण्यांशींच अधिक जवळचें ठरलें आहे. या मोठ्या वर्गास मराठी परिभाषेंत कवक म्हणतात. शिळ्या भाकरीवर येणारी बुरशी हीहि त्यांतलीच.

आतां भयाचें घराणें पाहिलें पाहिजे. मराठी मुलांच्या तोंडीं असलेलें नांव 'कुत्र्याची छत्री' असें आहे. हिंदींत 'कुकुरमुत्ता' म्हणतात. कुत्र्यानें जेथें मूत्र टाकलें तेथें हा उगवतो, अशी त्यामागील समजूत आहे. याच हलक्या नांवाचा मान राखून हिंदी कवि निराला यांनीं आपलें प्रसिद्ध काव्य लिहिलें व श्रीमंत गुलाबापुढें या उपेक्षित कुकुरमुत्त्यास उभें केलें. तामीळमध्यें 'नाय्क्कुडै' आणि कानडींत 'नायिकोडे' हे शब्द आहेत. दोहोंचाहि अर्थ कुत्र्याची छत्री असाच. गुजराथेंत कुत्रें जाऊन मांजर आलें. तेथें 'बिलाडीनो टोप', म्हणजे मांजरीची टोपी, असें नांव पडलें. बंगाल हा पाणथळ प्रांत. तेथें 'ब्यांगेर छाता', म्हणजे बेडकाची छत्री.

हा बेडूक बंगालपुरताच आहे असें मात्र नाहीं. इंग्रजींतील 'टोडस्टूल' या शब्दाचा अर्थ बेडकाचें आसन. हॉलंडांतील डच भाषेचा शब्दहि तसाच, बेडकाचें आसन असाच आहे. फ्रान्सच्या पश्चिम टोंकास बोलल्या जाणाऱ्या ब्रेटन भाषेंत त्यास बेडकाची टोपी म्हणतात, तर वेल्समध्यें बेडकाचें पनीर! बंगालच्या खेडुतानें ब्रेटन कोळ्यास कधीं पाहिलें नाहीं, आणि वेल्सच्या मेंढपाळानें बंगालचें नांवहि ऐकलें नसेल. तरी सर्वांच्या मनांत तोच प्राणी आला. याचें कारण उघड आहे. जी वस्तु माणसाच्या ताटांत शोभत नाहीं ती कोणा तरी हलक्या, ओंगळ अथवा विषारी मानलेल्या प्राण्याच्या नांवें मांडून टाकावयाची, ही मनुष्यस्वभावाची सर्वत्र सारखीच रीति आहे. अशा नांवांचा उच्चार एका भाषेसारखा दुसरींत नसतो, अर्थ मात्र सारखा असतो. एखादे वेळीं शेजारच्या भाषेंतून कल्पना उचलली जाते. मराठी, कानडी आणि तामीळ या तिन्ही भाषांत कुत्रें यावें, याचें कारण तसलेंच असेल. परंतु तेथेंहि प्रवास केला तो कल्पनेनें, शब्दानें नव्हे.

या घराण्याचा भारतांतील सर्वांत जुना पुरुष फार प्राचीन आहे. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलांत, कृपण मनुष्यास इंद्र पायानें कसा उडवील हें सांगतांना 'क्षुम्प' या वस्तूची उपमा दिली आहे. पुढें हा शब्द लोकांस दुर्बोध झाला, म्हणून निरुक्तकार यास्कानें त्याचा अर्थ 'अहिच्छत्रक' असा दिला. अहि म्हणजे सर्प. अर्थात् हें सापाचें छत्र. पायाच्या एका ठोकरीनें उडून जावें अशी ती वस्तु, हें ज्यानें पावसाळ्यांत एकदां तरी कुत्र्याची छत्री तुडविली आहे त्यास सांगावयास नको. गंमत अशी कीं, जो शब्द यास्काच्या वेळींच समजेनासा झाला होता, तो लोकांच्या तोंडून मात्र नाहींसा झाला नाहीं. 'क्ष' चा 'ख' होणें हा प्राकृताचा नेहमींचा नियम. आणि संस्कृत 'म्प' पंजाबींत 'म्ब' होतो, म्हणूनच आपलें कांपणें तें पंजाबींत 'कंबणा' असें आहे. हे दोन नियम लावले, कीं क्षुम्पापासून पंजाबी 'खुंब' आणि हिंदी 'खुंबी' सरळ हातीं येतात. मेघंकराचें मेहकर ज्या रीतीनें झालें, त्याच रीतीनें वेदांतली वस्तु पंजाबच्या भाजीबाजारांत येऊन पोहोंचली.

यास्कानें सांगितलेलें 'अहिच्छत्रक' पालि भाषेंत 'अहिच्छत्तक' होऊन राहिलें. भगवान् बुद्धांनीं पावा येथें चुंद नांवाच्या कारागिराच्या घरीं जें शेवटचें भोजन केलें, त्यांत 'सूकरमद्दव' नांवाचा पदार्थ होता. तो डुकराचें मांस कीं आणखी कांहीं, याविषयीं प्राचीन टीकाकारांतहि मतभेद आहेत. आणि त्या मतांपैकीं एक मत असें कीं, डुकरांनीं तुडविलेल्या जागीं उगवलेलें तें अहिच्छत्तक होतें.

सर्पाचेंच नांव कां यावें? सर्प वारुळांत राहतो आणि हीं छत्रें वारुळावर उगवतात. तेलुगु भाषेनें साप गाळला व वारूळ ठेवलें. तिच्यांत छत्राकास 'पुट्टगोडुगु', म्हणजे वारुळाची छत्री, असें म्हणतात. गोमंतकांत वारुळास रोयण म्हणतात आणि तेथील अत्यंत आवडतें छत्राक तें रोयणीचें अळमें. ही जोडी केवळ कल्पनेची नाहीं, हें शास्त्रानें पुढें सिद्ध केलें. वारुळांतील कांहीं जातींच्या वाळव्या चघळलेल्या लांकडा-पाल्याचा लगदा करून त्याचे पोळ्यासारखे थर रचतात आणि त्यांवर एक विशिष्ट कवक वाढवितात. तें कवक लांकूड पचनीं पडेल असें करतें, आणि वाळव्या त्यावर पोसतात. पाऊस पडल्यावर याच भूमिगत शेतांतून लांब देंठाचीं छत्रें वर निघतात. फ्रेंच शास्त्रज्ञ रोजे हाइम यांनीं इ. स. १९४२ मध्यें या कुलास 'टर्मिटोमायसीस' असें नांव दिलें. त्याचा अर्थ वाळवीचें कवक. तेलंगणांतील शेतकऱ्यानें जें आपल्या भाषेंत सांगून ठेवलें होतें, तेंच पॅरिसच्या पंडितानें लॅटिन वेषांत पुन्हां सांगितलें.

येथून भाजीच्या घराण्याकडे वळतां येतें, कारण वारुळावरचीं हीं छत्रें उत्तम खाद्य होत. खाण्याच्या छत्राकास मराठींत 'अळंबें' अथवा 'अळिंबी', कोंकणींत 'अळमें', तुळु भाषेंत 'अलंबु' आणि कानडींत 'अणबे' असे शब्द आहेत. चारी शब्द शेजारी ठेवले, कीं त्यांचें नातें निराळें सांगावें लागत नाहीं. संस्कृतांतील छत्राक, कवक आणि शिलीन्ध्र यांपैकीं एकाहि शब्दापासून अळंबें निघूं शकत नाहीं. तेव्हां तें दक्षिणेकडून, द्राविड भाषांतून, किनाऱ्याकिनाऱ्यानें व घाटाघाटानें वर आलें असें मानणें सयुक्तिक होय. कुत्र्याच्या छत्रीस कोणी विकत घेत नाहीं, म्हणून तिच्या नांवास गांवाबाहेर जाण्याचें कारण पडत नाहीं. अळंबें मात्र पानांत गुंडाळून बाजारांत येतें. विकणारी एक भाषा बोलते, घेणारी दुसरी. आणि वस्तूबरोबर नांवहि स्वयंपाकघरांत शिरतें. विदर्भाच्या रानांत या घराण्याची आणखी एक शाखा आहे. तेथें खाण्याच्या छत्राकांस 'टेकोडे' आणि 'सात्या' अशीं नांवें ऐकूं येतात. पुस्तकी मराठींत अळंबें असलें, तरी वऱ्हाडच्या पाटींत टेकोडेंच असतें.

युरोपांतहि हाच प्रकार दिसतो. फ्रेंचांचा 'शांपिन्यों' हा शब्द मूळ लॅटिनमधील शेताचें मैदान या अर्थाच्या शब्दापासून निघाला. मळ्यांत वाढविलेल्या पांढऱ्या छत्राकांबरोबर तो जर्मनींत गेला, रशियांत गेला. इंग्रजी 'मशरूम' हा शब्दहि इंग्रजांच्या घरचा नव्हे. तो फ्रेंच 'मूसरों' पासून आलेला आहे. इंग्रजांनीं भयाचें नांव घरीं घडविलें आणि भाजीचें नांव फ्रेंच शेजाऱ्याकडून घेतलें, हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. जपानी भाषेंत सर्वसाधारण छत्राकास 'किनोको', म्हणजे झाडाचें लेंकरूं, असें गोड नांव आहे. परंतु तें जपानांतच राहिलें. 'शी' नांवाच्या झाडावर वाढणारें 'शीताके' मात्र सुकवून जगभर विकलें गेलें आणि त्याचें नांवहि जगभर झालें. ग्रीकांचा 'मायकीस' हा शब्द तर औषधाच्या दुकानांतूनहि घरोघर गेला आहे. पर्सियसानें ज्या जागीं मायकीस उपटलें व त्याखालून निघालेलें पाणी पिऊन तहान भागविली, तेथें मायसीनी नगरी वसली, अशी एक कथा पॉसेनियस या ग्रीक प्रवाशानें नमूद केली आहे. त्याच शब्दावरून एका तंतुमय जंतूस 'स्ट्रेप्टोमायसीस' असें नांव पडलें, आणि इ. स. १९४३ मध्यें त्यापासून काढलेलें, क्षयावर गुणकारी ठरलेलें औषध 'स्ट्रेप्टोमायसिन' या नांवानें प्रसिद्ध झालें.

एकाच समाजांत हीं दोन्ही घराणीं एकत्र नांदूं शकतात. मनुस्मृतींत 'छत्राक' आणि 'कवक' हे दोन्ही शब्द आले आहेत, ते द्विजांस निषिद्ध अशा पदार्थांत, लसूण आणि कांदा यांच्या पंक्तीस. उलट कालिदासानें मेघदूतांत पृथ्वीला 'उच्छिलीन्ध्र' म्हटलें आहे. मेघाच्या गर्जनेनें जिच्यांतून शिलीन्ध्रें वर आलीं ती भूमि आतां पिकणार, असा तो शुभसूचक शब्द आहे. स्मृतिकारानें जें ताटांतून बाहेर काढलें, तें कवीनें सुपीकतेचें लक्षण म्हणून गौरविलें. रशियन पत्नी आणि अमेरिकन पति अशा वॅसन दांपत्यानें इ. स. १९५७ मध्यें प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत, लोकांचे छत्राकांवर प्रेम करणारे आणि छत्राकांस भिणारे असे दोन वर्गच पाडले. रशियन हे पहिल्या वर्गांत, इंग्रज हे दुसऱ्या वर्गांत. मराठी मुलुखाची तशी एकच जात सांगतां येणार नाहीं. घाटाखालीं आणि रानांत प्रेम, तर पांढरपेशा घरांत भय, अशी येथें वांटणी आहे.

परंतु नांवांच्या या मौजेंतून एक गंभीर गोष्ट निघते. भयाचें नांव म्हणजे वडीलधाऱ्यांनीं मुलांस दिलेला इशारा. भाजीचें नांव म्हणजे जाणत्यांनीं दिलेला परवाना. तो परवाना विशिष्ट ठिकाणचा, विशिष्ट ऋतूचा आणि विशिष्ट डोळ्यांचा असतो. नांव दूर देशीं जातें. पारख मात्र मागें राहते. लॅटिनमधील 'बोलेटस' हा शब्द याचें उत्तम उदाहरण आहे. इ. स. ५४ मध्यें रोमचा बादशहा क्लॉडियस मरण पावला, तो बोलेटसच्या ताटांतून दिलेल्या विषानें, असें रोमन इतिहासकार सांगतात. त्या काळीं बोलेटस म्हणजे खालीं पडदे असलेलें, शेंदरी टोपीचें एक रुचकर छत्राक. पुढें हाच शब्द झिजून जर्मनींत 'पिल्त्स' झाला व त्याचा अर्थ कोणतेंहि छत्राक असा झाला. आणि शास्त्रज्ञांनीं तर बोलेटस हें नांव, खालीं पडदे नसून चाळणीसारखीं छिद्रें असतात अशा निराळ्याच छत्राकांस दिलें. ज्याचे जुन्या ग्रंथांत गोडवे गाइले तें आणि आज त्या नांवानें ओळखलें जातें तें, हीं दोन भिन्न आहेत. नांव तेंच म्हणून वस्तु तीच, असें समजणारा येथें फसतो.

वस्तु सारखी दिसते म्हणून नांव तेंच देणारा तर जिवासच मुकतो. आग्नेय आशियांतून अमेरिकेंतील कॅलिफोर्नियांत जाऊन राहिलेल्या कुटुंबांवर असे प्रसंग ओढवले आहेत. त्यांच्या मायदेशीं भाताच्या पेंढ्यावर उगवणारें एक छत्राक आवडीनें खातात. कॅलिफोर्नियाच्या ओक वृक्षांखालीं तसेंच दिसणारें छत्राक त्यांस आढळलें; तें निघालें 'अमॅनिटा फॅलॉइडिस', जगांतील अत्यंत घातक विषारी छत्राकांपैकीं एक. याचें विष शिजवूनहि जात नाहीं. खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधीं त्याहूनहि अधिक वेळ, कांहींच होत नाहीं; मग ओकाऱ्या व जुलाब होतात; नंतर रोग्यास बरें वाटूं लागतें, आणि त्याच वेळीं आंत यकृत नासत असतें. चांदीचा चमचा काळा पडला तर विष, लसणाचा रंग बदलला तर विष, किड्यानें खाल्लें असेल तर निर्धास्त, असल्या ज्या परीक्षा लोकांत प्रचलित आहेत, त्यांपैकीं एकीवरहि विसंबतां येत नाहीं. पांढरें छत्राक निरुपद्रवी आणि रंगीत तेवढें विषारी, ही समजूतहि खोटी आहे. वर सांगितलेल्या घातक छत्राकाची पांढरी बहीणहि तितकीच घातक आहे.

आज शहरांतील घरांत हीं दोन्ही घराणीं मावळूं लागलीं आहेत. हिमाचल प्रदेशांतील सोलन शहरास इ. स. १९९७ मध्यें भारताची मशरूमनगरी म्हणून घोषित करण्यांत आलें. तेथें या विषयाची राष्ट्रीय संशोधनसंस्था आहे. कृषिमहाविद्यालयें 'अळिंबी लागवड' शिकवितात. गव्हाचें काड, भाताचा पेंढा, सोयाबीनचें कुटार यांवर घरच्या घरीं धिंगरी अळिंबी पिकवितां येते, आणि वऱ्हाडांत सोयाबीनच्या कुटाराची वाण नाहीं. हें सर्व चांगलें आहे. बंद डब्यांतील लागवडीचें छत्राक खाण्यास कोणतीच भीति नाहीं. परंतु दुकानांत सर्वांस मिळून 'मशरूम' हें एकच नांव झालें. ज्या मुलाला मशरूम म्हणजे खाण्याची भाजी एवढेंच ठाऊक, त्यानें पावसाळ्यांत अंगणांतील पांढरी छत्री पाहून तिलाहि मशरूमच म्हटलें, तर दोष त्याचा नाहीं. इशारा आणि परवाना हे दोन निराळे शब्द त्याच्या कानीं कोणी घातलेच नाहींत.

म्हणून 'कुत्र्याची छत्री' हा शब्द गांवंढळ समजून टाकून देऊं नये. त्यांत शास्त्र नाहीं हें खरें. कुत्र्याचा आणि त्या वस्तूचा कांहीं संबंध नाहीं, आणि त्या नांवाखालीं निर्विष छत्राकेंहि पुष्कळ येतात. परंतु 'हात लावूं नको' एवढा अर्थ तो शब्द तीन वर्षांच्या मुलासहि सांगतो. त्याचप्रमाणें अळंबें, टेकोडे आणि सात्या हीं नांवें ज्यांच्या तोंडीं आहेत, त्या रानांतील जाणत्या बायका-माणसांकडून तीं नांवें, जागा आणि खुणा यांसह लिहून घेण्यासारखीं आहेत. कारण तेथें नांव आणि पारख अजून एकत्र आहेत. तीं लिहून घेतल्यानें शहरवासी मनुष्य मात्र पारखी होत नाहीं, हेंहि त्यानें विसरूं नये. त्यानें विकत घ्यावें तें लागवडीचें, आणि रानांतलें खावें तें ओळखीच्या जाणत्यानें स्वतः खुडून, स्वतः खाऊन दाखविलेलें. चुकून कोणी अनोळखी छत्राक खाल्लेंच, तर त्रास होण्याची वाट न पाहतां उरलेला तुकडा बरोबर घेऊन तत्काळ रुग्णालय गांठावें. कारण या विषाच्या बाबतींत पहिल्या कांहीं तासांतील स्वस्थता ही प्रकृतीची ग्वाही नव्हे.